नम्रपणे तीन

छत्री वेळेवर उघडली असती तर हे काही घडलंच नसतं. बायकोचं म्हणणं, तोंड वेळेवर मिटलं असतं तरी घडलं नसतं. पण छत्री हा माझा मुद्दा आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

झालं असं, की ऑफिस सुटल्यावर मी लिफ्टसमोर उभा होतो. बाहेर भुरभुर चालली होती आणि छत्रीची कळ अडकली होती. अशा छत्रीला हिसका द्यावा लागतो. मी पाय फाकवून उभा राहिलो, दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि छत्री खांद्यामागून खाली, खालून पुन्हा खांद्यावर अशी जोरात फिरवली. छत्री उघडली नाही. लिफ्ट उघडली. आत साहेब होते.

"वा!" साहेब म्हणाले. "गोल्फ खेळता तुम्ही? बोलला नाहीत कधी!"

साहेबांना 'नाही' म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. "थोडंफार," मी म्हणालो.

"हँडिकॅप किती?"

हँडिकॅप म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण आकडा विचारलाय एवढं कळलं. आमच्या घरात आकडा विचारला की कमी करून सांगायचा असा संस्कार. मार्क किती पडले, तर 'बरे पडले'. पगार किती, तर 'भागतं'. माझे वडील ताप मोजल्यावर तोसुद्धा अर्धा अंश कमी सांगायचे. तेव्हा मी मान खाली घालून, अगदी संकोचाने म्हणालो, "कसलं हो साहेब. जेमतेम तीन."

"तीन?" साहेबांच्या हातातली बॅग जमिनीला टेकली.

जास्तच सांगितला की काय, असं वाटून मी घाईघाईने म्हणालो, "कधीकधी दोनसुद्धा."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचे एक वर्गमित्र आहेत, दुसऱ्या एका कंपनीचे प्रमुख. दरवर्षी दोघांची मॅच होते आणि दरवर्षी साहेब हरतात. यंदा जोडीने खेळायचं ठरलंय, पुढच्या महिन्यात, आणि साहेबांना पार्टनर मिळत नव्हता. "मिळाला!" साहेब म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस हेडऑफिसातच पाहिजे."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन खरं काय ते सांगितलं असतं. पण आमच्या अकाउंट्समध्ये दोन सीनियर आहेत, एक मी आणि एक पलीकडच्या टेबलावरचा. दोघांपैकी एकाला लांबच्या शाखेत पाठवायचं वरून ठरलं होतं. ऑर्डर टाइप होऊन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडली होती, फक्त नावाची जागा कोरी होती. इकडे लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष, बायकोची नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आमच्याकडेच राहणाऱ्या सासरेबुवांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. बिऱ्हाड हलवायचं म्हणजे काय, हे ज्याने हलवलंय त्यालाच माहीत. त्या ड्रॉवरच्या धास्तीने मी गेले दोन आठवडे खुर्चीत धड टेकत नव्हतो.

घरी सांगितलं तर बायको आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली, मग पुन्हा हसली.

"अहो, तुम्हाला कॅरम येत नाही!"

"कॅरमचा इथे काय संबंध?"

"उद्या जा आणि सांगा, चूक झाली म्हणून. एवढं काय त्यात?"

"लिफ्टमध्ये आणखी दोघं होते. त्यांच्यासमोर दोन म्हणालो मी, दोन!"

सासरेबुवा गणिताचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांना कुणी गणित घातलं नव्हतं, ही त्यांची खरी व्यथा होती. ऑपरेशन झालेला डोळा चोळायचा नाही हे विसरून ते लेकीच्या कॉम्प्युटरसमोर बसले, आणि सकाळी चहाच्या वेळी मला त्यांनी विद्यार्थ्यासारखं समोर बसवलं.

"हँडिकॅप म्हणजे सवलत," ते म्हणाले. "चांगला खेळाडू एखाद्या मैदानावर, समजा, एकाहत्तर फटक्यांत अठरा होल पुरे करतो, म्हणजे अठरा खळग्यांत बॉल घालतो. तुम्हाला त्याहून जेवढे जास्त फटके लागतात, त्यावरून तुमचा आकडा निघतो. जितका आकडा, साधारण तितके फटके तुम्हाला माफ. म्हणजे कच्चा आणि पक्का बरोबरीने खेळू शकतात. फार न्याय्य खेळ आहे हो."

"म्हणजे ज्याचा आकडा मोठा तो..."

"ढ."

"आणि तीनवाला?"

सासरेबुवांनी चष्मा काढून पुसला. "तीनवाला एखाद्या क्लबात एखादाच असतो. लोक त्याला लांबून बोट करून दाखवतात."

जन्मभराची नम्रता अशी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं. फुशारकी मारावी म्हणून मी साठ-सत्तर म्हणालो असतो तर आज सुखात असतो.

समोरच्या दारातले वकील न बोलावता आले. आमच्या जिन्यात आवाज चढला की ते येतातच. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "लेखी दिलंय का काही?"

"नाही."

"मग नाकारा. आणि नाकारायचं नसेल तर आजारी पडा. पाठ धरू दे. पाठीचं कुणाला सिद्ध करता येत नाही."

"आणि पाठ धरली म्हणून साहेबांनी कायमचीच विश्रांती दिली तर? लांबच्या शाखेत?"

"मग खेळायला शिका," वकील म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण हा माणूस खरोखरच त्या गोल्फ क्लबाचा सभासद निघाला. तिथलं जेवण चांगलं असतं म्हणून. अधूनमधून भूक लागावी एवढ्यापुरतं खेळतही असे. साहेबांचा क्लब तोच.

मग माझा सराव सुरू झाला. सासरेबुवांची काठी घेऊन मी पॅसेजमध्ये उभा राहायचो आणि लेकीचा मोजा गुंडाळून त्याचा बॉल करायचो. पहिल्या दिवशी चपलांचं कपाट गेलं. दुसऱ्या दिवशी काठी दाराच्या बेलवर बसली, ती वाजायची बंदच होईना, आणि सगळा मजला आमच्या दारात गोळा झाला. प्रत्येकाने काठी हातात घेऊन मला चुका दाखवल्या. त्यातला एकही कधी गोल्फ खेळला नव्हता, पण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की माझी कंबर चुकतेय. ऑफिसात मी बसल्या जागी कंबर हलवून बघू लागलो. पलीकडच्या टेबलावरचा एकदा काळजीने म्हणाला, "मूळव्याध का हो?"

आगीतून फुफाट्यात पडणं अजून बाकी होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, की मॅचला क्लबाचा अधिकृत हँडिकॅप लागतो. "तुमचा जुना कुठल्या क्लबाचा आहे? असू दे. इथे माझ्या ओळखीवर सभासद व्हा आणि नवा काढून टाका, तुम्हाला काय कठीण आहे."

क्लबाचे सेक्रेटरी टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावून बसणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी माझी कॉलर पाहिली, मग बूट, मग सांगितलं, "तीन फेऱ्या खेळायच्या. तीन कार्डं द्यायची. प्रत्येक कार्डावर मार्करची सही हवी."

"मार्कर म्हणजे?"

"तुमच्याबरोबर चालणारा सभासद. तुमचे फटके तो मोजतो आणि बरोबर आहेत म्हणून सही करतो. स्वतःचे फटके स्वतः मोजलेले चालत नाहीत." त्यांनी एक पेन्सिल सरळ केली. "माणसाचा स्वभाव आहे."

माझे मार्कर अर्थात वकील.

त्या तीन फेऱ्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण ते अंगण खरोखरच वाकडं होतं, चढाचं, उताराचं आणि मधोमध तळं असलेलं. बॉल समोर सोडून सगळीकडे गेला. एकदा तर मी मारल्यावर तो माझ्या मागे सापडला. हवेत मारलेला फटकाही फटकाच धरतात, हे वकिलांनी मला नियम वाचून दाखवलं आणि तेव्हापासून प्रत्येक फटका हुकल्यावर ते कोर्टात पुकारा करावा तसा आकडा पुकारू लागले. शेजारच्या होलवरचे लोक टोप्या काढून आमच्याकडे बघत होते. एका होलवर वकिलांनी मोजणं थांबवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "थोडा वेळ तहकूब करू."

संध्याकाळी सासरेबुवा पेन्सिलीला टोक काढून वाट बघत बसलेले.

"एकशे एक्क्याण्णव," मी म्हणालो.

"छान!" ते म्हणाले. त्यांना एवढा मोठा आकडा अपेक्षितच नव्हता. "पण एवढे धरत नाहीत. नवख्या माणसाला एका होलवर ठरावीक फटक्यांच्या वर मोजत नाहीत. सगळे धरून एकशे बासष्ट. त्याच्या पलीकडे तुम्ही कितीही वाईट खेळा, कागदावर एकशे बासष्टच."

माणसाच्या नालायकीला कुणीतरी कुठेतरी मर्यादा घातली आहे, हे ऐकून त्या दिवसात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग त्यांनी एकशे बासष्टातून एकाहत्तर वजा केले, उरले त्याला एकशे तेराने गुणलं आणि एकशे अठ्ठावीसने भागलं. एकशे अठ्ठावीस हा आमच्या मैदानाच्या अवघडपणाचा आकडा. साध्या मैदानाचा एकशे तेरा.

"एकशे तेराच का?" मी विचारलं.

सासरेबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते शाळेत मुलांना का आवडत असावेत आणि का नसावेत, हे दोन्ही मला एकदम कळलं. "आहे," ते म्हणाले.

तीन कार्डं झाली. तिन्हींतलं बरं कार्ड, ते निघालं एकशे सत्तावन्नाचं, घ्यायचं आणि उत्तरातून दोन वजा करायचे असा नियम. सासरेबुवांचं उत्तर आलं त्र्याहत्तर पूर्णांक नऊ. पण चौपन्नाच्या वर हँडिकॅप कुणालाच देत नाहीत. "मर्यादा नसती तर केवढे पुढे गेला असतात," ते हळहळले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, त्यांना आणखी चढवू नका."

म्हणजे मी तीन म्हणालो होतो आणि चौपन्न निघालो होतो, आणि चौपन्नाच्या खाली जगात जागाच नव्हती.

हे घरात राहिलं असतं तर ठीक. पण क्लबाच्या जेवणघराबाहेर एक फळा आहे. त्यावर सगळ्यांचे हँडिकॅप लावतात, चांगला वर, वाईट खाली. मी शनिवारी दुपारी गेलो, तो माझं नाव लागलेलं. सगळ्यात खालची ओळ, बरोबर माझ्या कमरेच्या उंचीला. ते खोडावं की सेक्रेटरींचे पाय धरावेत, असा विचार करत मी उभा होतो तोच मागून साहेबांचा आवाज आला.

मी गर्रकन वळलो आणि फळ्याला पाठ लावली.

"वा, आलात!" साहेब म्हणाले. ते उजवीकडे झुकले, मीही उजवीकडे झुकलो. "काय हो, फळ्याला काय झालं?"

"पाठीला आधार बरा वाटतो, साहेब."

साहेबांना माझ्या नावाची घाई नव्हतीच. ते स्वतःचं शोधत होते. मधल्या ओळींवर बोट फिरवत ते थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "चोवीस. या वयाला वाईट नाही, काय? तुमच्यापुढे काहीच नाही म्हणा." मग म्हणाले, "तुम्ही आलाच आहात तर चला, मॅचआधी एक फेरी होऊन जाऊ दे."

वधस्तंभाकडे जाताना पाय जड होतात म्हणे. माझे भराभर पडत होते. एकदाचं काय ते संपू दे, असं झालं होतं.

पहिल्या होलवर मी बॉल ठेवला आणि काठी फिरवली. बॉल होता तिथेच. "सराव," साहेब कौतुकाने म्हणाले. मी पुन्हा फिरवली. "किती शांतपणे तयारी करता हो." तिसऱ्या वेळी बॉल काटकोनात उडाला आणि माळ्याच्या पत्र्याच्या खोलीवर जाऊन दणकन आपटला. आतून कुणीतरी "कोण आहे?" म्हणून विचारलं.

मलाही तोच प्रश्न पडला होता.

"साहेब," मी म्हणालो, "त्या दिवशी छत्री अडकली होती."

मग मी सगळं सांगितलं. छत्री, संस्कार, सासरे, एकशे तेरा, चौपन्न. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मागे चौघेजण खेळायला खोळंबले होते, म्हणून आम्ही चालू लागलो. ज्याच्या ड्रॉवरमध्ये आपली बदली आहे, त्याच्याबरोबर आकड्यांपलीकडे एक शब्द न बोलता अठरा होल चालणं, हे मी शत्रूलाही सांगणार नाही. त्यांचं कार्ड माझ्या हातात होतं. मार्कर मी.

सातव्या होलवर साहेब वाळूच्या खड्ड्यात सापडले. वाळू उडत होती, बॉल उडत नव्हता. शेवटी तो होलात गेला तेव्हा ते म्हणाले, "पाच लिहा."

मी आठ मोजले होते. मुद्दाम मोजले नव्हते. आयुष्यभर जमाखर्च तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात बेरीज आपोआप होते. लेकीची शाळा डोळ्यांसमोर येत होती, आणि एवढं असून पेन्सिलीने आठ लिहिलं. पुढेही तेच झालं. ते सहा म्हणायचे, मी सात लिहायचो. शेवटी त्यांनी कार्ड हातातून घेतलं. त्यांच्या हिशोबाने अठ्ठ्याण्णव व्हायला हवे होते. बेरीज होती एकशे सतरा.

"हे काय?"

"बेरीज, साहेब."

"आजवर एकाही मार्करने असं लिहिलं नाही."

"ते सगळे ऑफिसातलेच होते ना, साहेब?"

साहेब बाकावर बसले. मी उभाच राहिलो. मला बसवतच नव्हतं. आता गेलोच आहे तर पूर्ण जावं, असं काहीसं मनात आलं आणि मी सासरेबुवांचं गणित सुरू केलं. "साहेब, राग मानू नका. पण हे अठ्ठ्याण्णव तुम्हालाच महाग पडताहेत. त्यांच्यावरून तुमचा हँडिकॅप चोवीस निघतो. खरे फटके लिहिलेत तर तो अडतीसच्या आसपास येईल. म्हणजे या मैदानावर तुम्हाला आणखी सोळा फटके माफ. तुमचे मित्र मॅचमध्ये तुमचे फटके स्वतः मोजतात ना?"

"डोळ्यांत तेल घालून."

"आणि तुम्ही कितीने हरता?"

"दहा. अकरा. एकदा बारा."

"मग बघा. सोळातून अकरा गेले. तुम्ही पाचने जिंकता."

साहेबांनी बोटांवर वजाबाकी करून पाहिली. "म्हणजे मी किती वाईट खेळतो हे जाहीर केलं, तर मी त्याला हरवेन?"

"नियमाने, साहेब. अगदी न्याय्य खेळ आहे."

"आणि तो अडतीस त्या फळ्यावर लागणार?"

"लागणार."

"खाली?"

"माझ्या जरा वर."

साहेबांनी कार्डाची घडी घातली. आणखी एक घातली, आणि ते शर्टाच्या खिशात खोल ढकलून दिलं. "नको," ते म्हणाले. "हरू या."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. मी नम्रतेपायी आकडा कमी सांगितला होता आणि त्यांनी ऐटीपायी, पण आता दोघांनाही तो निस्तरायचा होता. बदलीचं मात्र ते एक शब्द बोलले नाहीत, आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मॅचच्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून मी मनगटाला पट्टी बांधून गेलो. पार्टनर जखमी, म्हणून जोडीचा बेत रद्द झाला आणि ते दोघेच खेळले. वर्गमित्र बारीक डोळ्यांचे, हसरे गृहस्थ होते. साहेबांच्या प्रत्येक फटक्याला ते मोठ्याने आकडा म्हणत. मी मागून चालत होतो आणि मनातल्या मनात ती सोळा फटक्यांची सूट होलाहोलांत वाटून बघत होतो. साहेब अकराने हरले. माझ्या हिशोबाने पाचने जिंकले. ही बातमी जगात फक्त आम्हा दोघांनाच होती.

जेवणघराबाहेर साहेबांनी माझी ओळख करून दिली. "हे आमचे अकाउंट्सचे. हँडिकॅप तीन. आज मनगटाने घात केला, नाहीतर तुझी धडगत नव्हती."

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

"तीन?" वर्गमित्रांचे बारीक डोळे मोठे झाले. "आमच्या क्लबात तीनवाला आला आणि मला पत्ता नाही? कुठे आहे, बघू तरी नाव." आणि ते फळ्याकडे वळले.

मी दोन ढांगांत जाऊन फळ्याला पाठ लावली. पण मी एकटा, आणि फळा रुंद. वर्गमित्र डावीकडून वाकून बघू लागले. तेवढ्यात साहेब पुढे आले, माझ्या डाव्या खांद्याला खांदा भिडवला आणि माझ्यासारखीच फळ्याला पाठ टेकून उभे राहिले.

"पाठीला आधार बरा वाटतो," साहेब मित्राला म्हणाले. "वयच तसं झालं."

वर्गमित्र आम्हा दोघांकडे पाळीपाळीने बघत राहिले. साहेब समोर बघत, ओठ न हलवता पुटपुटले, "बदली त्या दुसऱ्याची करतोय. त्याला तिकडेच हवं होतं म्हणे. संकोचाने बोलला नव्हता."

"आभारी आहे, साहेब," मीही समोर बघतच म्हणालो.

"आभार कसले. तुम्हाला लांब पाठवलं तर तिथे बसून बेरजा कराल."

आतून जेवणाची वर्दी आली. वर्गमित्र म्हणाले, "चला की." आम्ही म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, आणि दोघेही तसेच उभे राहिलो.